दहा फुटांत चोवीस इंच

१२ जानेवारी १९३६

पेन्शन घेतलेल्या बाईकडून गावाची अपेक्षा एवढीच असते, की तिने जप करावा आणि फार वर्षं लावू नयेत. मला जप येत नाही. कॉन्व्हेंटातल्या प्रार्थना येतात, पण त्याही मी भांडल्यासारख्या म्हणते. मुलींच्या शाळा तपासत मी हा जिल्हा बैलगाडीने तुडवला. आता वडिलांनी बांधलेल्या या घरात बसून कयाधू नदीकडे पाहायचं, एवढंच काम उरलं.

तर पाहिलं. गेल्या पावसाळ्यात परसातलं पेरूचं झाड नदीत गेलं, मुळासकट. लोक म्हणाले, "नदी हाय, नेणारच." नदी काठ किती खाते हे मोजावं, असं एकालाही सुचलं नाही.

मला सुचलं, कारण मला ते शिकवलेलं आहे. मुंबईला आमचं कॉन्व्हेंट समुद्राकाठी होतं. सिस्टर बर्नार्ड दर महिन्याला आम्हा मुलींना वाळूवर उतरवीत. सारख्या उंचीच्या दोन काठ्या, मध्ये दहा फुटांची दोरी. एक काठी पाण्याकडे, एक वर. वरच्या काठीपाशी उभं राहून डोळा टोकापासून हळूहळू खाली आणायचा. खालच्या काठीचं टोक आणि समुद्राची क्षितिजरेघ एका ओळीत आली, की थांबायचं. डोळा जितके इंच खाली आला, तितका दहा फुटांत उतार. सिस्टर म्हणत, उभा किनारा ढासळतो, मंद किनारा टिकतो. मुलींनो, माणसांचंही तसंच आहे.

खाजा मिया सुताराकडून सागवानी काठ्या करून आणल्या. इंचांच्या खुणा मी स्वतः पाडल्या. तो म्हणतो, "बाईसाब, दो दो लकड्या? एक से साँप नै मरता क्या?" गावाची अक्कल एवढीच.

निजाम सरकारच्या कागदांवर फसली महिने लिहितात. या वहीत मी इंग्रजी तारीख घालणार.

१४ जानेवारी

पहिलं माप झालं. गावाखालचा काठ दगडी आहे. मातीचा काठ लमाणांच्या तांड्याखालीच सापडतो, म्हणून तिथे गेले. खालची काठी धरायला पारुबाईला घेतलं. ती तांड्यातलीच, माझ्याकडे पाणी भरते. तिच्या आरशांच्या कांचळीवर ऊन पडून माझ्या डोळ्यांत तिरीप येते, आणि ती एका पायावर भार देऊन म्हशीसारखी उभी राहते. ओरडले तर म्हणते, "बाई, नदीचं माप घेऊन तिला चोळी शिवता काय?"

वर तांड्यातल्या बायका खदखदून हसल्या. हसोत.

अडचण एकच होती. इथे समुद्र नाही, त्यामुळे क्षितिज नाही. पण पलीकडच्या बाभळींच्या फटींतून दूर डोंगराच्या माथ्याची रेघ दिसते, निळी आणि सरळ. रेघ ती रेघ. सिस्टर असत्या तर त्यांनीही तीच धरली असती.

दहा फुटांत चौदा इंच. बराच उतार आहे. आणि त्या उतारावर साठ झोपड्या टेकून बसल्या आहेत, बापजाद्यांपासून. पूर्वी बैलांवर धान्य-मीठ वाहायचे, आता दुसऱ्यांची शेतं कसतात. जागा सरकारी पड आहे, पण उंच आणि हवेशीर. पारू म्हणाली, "सोनाजी पाटलाचा डोळा हाय आमच्या जागंवर. त्याच्या वावराला लागून हाय ना." मी म्हटलं, काठी सरळ धर. मला चहाड्या नकोत.

३ फेब्रुवारी

हिंगोलीला तहसिलीत गेले. नदीकाठाचं माप सरकारने ठेवावं असा अर्ज होता, इंग्रजीत, व्यवस्थित. तिथल्या पेशकाराने, म्हणजे कारकुनाने, मला बाकावर दुपारपर्यंत बसवलं. मग विचारलं, "बाई, तुमची जमीन गेली काय?" नाही. "घर?" नाही. "मग तकलीफ काय आहे?"

तकलीफ ही, की या कचेरीत सही करता येणारी माणसं आहेत आणि विचार करता येणारं एकही नाही. हे मी त्याला मराठीत सांगितलं, आणि समजलं नसेल म्हणून उर्दूतही. अर्ज ठेवून घेतला. बहुधा चहाचा पेला ठेवायला.

११ मार्च

होळीपासून तांड्यात रात्रंदिवस डफ चालू आहे. पारू दोन दिवस आली नाही. आली ती डोळे लाल करून, आणि मला म्हणते, "बाई, तुमी बी या की नाचायला. काठ्या घेऊनच या." उतार चौदा. काही बदल नाही. बदल नसलेला आकडा लिहायला कसा कंटाळा येतो, हे मी आज शिकले.

१७ मे

आज आकडा बदलला.

उन्हाने आणि धुरळ्याने डोंगर नाहीसाच झाला आहे. पलीकडचा काठ तेवढा दिसतो. गेल्या महिन्यात याच कारणाने माप घेताच आलं नव्हतं. आज मी ठरवलं, काम थांबवायचं नाही. पलीकडच्या काठावर बाभळींची ओळ आहे, शेंडे अगदी एका पातळीत. ती रेघ धरली. तीनदा पाहिलं. तिन्ही वेळा चोवीस इंच.

चौदाचे चोवीस! पाऊस नाही, पूर नाही, नदीचं पाणी घोट्याएवढं, आणि दोन महिन्यांत काठ दहा इंच उभा झाला. म्हणजे नदी आतून पोखरते आहे. हेच तर मी म्हणत होते. पारूला म्हटलं, तुमच्या पायाखालची जमीन चालली आहे. ती खाली वाकून पाहू लागली आणि म्हणाली, "कुठं?"

कुठं म्हणे! दिसलं असतं तर काठ्या कशाला लागल्या असत्या?

२१ मे

सोनाजी पाटील घरी आले. बाहेर चपला काढून, उपरणं सावरून, ओटीवरच बसले. "इन्स्पेक्टरबाई, तुमी तांड्याखाली काई मोजून राहिल्या असं कानावर आलं. आमी अडाणी. समजून सांगा."

या गावात येऊन मला हे वाक्य पहिल्यांदा ऐकायला मिळालं. मी काठ्या आणून त्यांना अंगणातच पद्धत दाखवली. त्यांनी मध्ये एकदाही जांभई दिली नाही. चोवीसचा आकडा ऐकून कपाळाला हात लावला. "लेकराबाळांचा तांडा हाय, बाई. उद्या काठ बसला तर पाप कोनाला? मी तुमचा कागद सोताच्या हातानं तहसीलदारसाहेबांपुढं ठेवतो. त्या पेशकाराच्या बापाला बी उठावं लागंल." मग म्हणाले, "पर त्यांना ठेवायचं कुठं, हे बी तुमीच सांगा. तुमच्याबिगर कोन सांगनार?"

त्यांनीच मला नदीच्या वळणातल्या मळईवर नेलं. मळई म्हणजे गाळाची जमीन, पाण्याला लागून. काठ्या लावल्या. उतार जवळजवळ नाहीच. ज्या जमिनीला उतार नाही ती ढासळेल कशी? मंद किनारा टिकतो. मी तसं लिहून दिलं.

सोनाजी पाटलांबद्दल लोक जे बोलतात ते मत्सराने बोलतात.

२ जून

हुकूम आला! काठ धोक्याचा असल्यामुळे मृगाच्या आत तांड्याने उठून मळईवर जावं. दवंडी माझ्या दारावरून गेली. दवंडीवाल्याने माझं नावही घेतलं, चुकीचं, पण घेतलं.

आज जेवण गोड लागलं.

४ जून

अमरसिंग नाईक आला. तांड्याचा म्होरक्या, पांढरा पटका, पाठ ताठ. मी उभी असताना ओट्यावर बसला, हे मी लक्षात ठेवलं.

"बाई, तुमचं आमचं वैर न्हाई," तो म्हणाला. "पारू तुमच्या घरचं पानी भरती. तुमीच कागद दिला, तुमीच वापस घ्या. साहेब म्हनला, बाई बोलली तर हुकूम मागं घेतो."

"खोटं बोलू?"

"खोटं नका बोलू. यंदा ऱ्हाऊ द्या म्हना. मळईवर पानी येतं."

"पाणी येतं आणि जातं. काठ गेला तर परत येत नाही. नाईक, तुम्ही माप घेतलं आहे का?"

"न्हाई. आमी तिथं म्हशी बसवतो, उन्हाळ्यात. माणसं न्हाई बसवत."

"मग म्हशींना तुमच्यापेक्षा अक्कल आहे. त्या सपाट जागा निवडतात."

तो उठला आणि म्हणाला, "बाई, तुमाला लेकरू न्हाई का?" मी दार लावून घेतलं. हा प्रश्न मला शाळेतल्या शिपायापासून शिक्षणाधिकाऱ्याच्या बायकोपर्यंत सगळ्यांनी विचारला आहे, आणि दर वेळी माझं म्हणणं खोडता आलं नाही तेव्हाच.

५ जून

आज पारू रडली. तिची लेक चंदाबाई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. दिवस भरत आले आहेत. "बाई, तिला मोकळी होऊ द्या. इथं घरात चूल हाय, आडोसा हाय. तिथं मळईवर आभाळाखाली काहून नेता? महिन्याभराचीच तर गोस्ट हाय."

मी तिला समजावलं, की हा हुकूम चंदाबाईच्याच जिवासाठी आहे. काठ खचला तर बाळंतीण आधी जाईल, तिला पळता येत नाही. ती म्हणाली, "तुमाला तिची काळजी हाय, बाई?" मी म्हटलं, अर्थात. ती माझ्या पायावर डोकं ठेवायला लागली तेव्हा मी पाय मागे घेतले. असले प्रकार मला आवडत नाहीत. तिने पाणी मात्र भरून ठेवलं.

६ जून

तांडा उठला. मी छत्री घेऊन पाहायला गेले. बायका झोपड्यांची लाकडं डोक्यावर घेऊन खाली उतरत होत्या. एकीने माझ्याकडे पाहून त्यांच्या भाषेत गाणं म्हटलं, आणि बाकीच्या हसल्या नाहीत. अर्थ विचारला तर पारू म्हणाली, "तुमाला ऐकून काय करायचं?"

चंदाबाईला खाटेवर घालून चौघांनी नेलं. पोट केवढं मोठं.

पाटलांच्या गड्यांनी संध्याकाळच्या आत तांड्याच्या जागेवर नांगर धरला. मी विचारलं तर पाटील म्हणाले, "पड ठेवली तर हे लोक वापस येतील, बाई. तुमच्याच कागदाची अब्रू राखून राहिलो." बरोबरच आहे.

१५ जुलै

चंदाबाईला मुलगा झाला. मी साबणाची वडी आणि स्वच्छतेच्या सूचना पाठवल्या. पारू म्हणाली, "साबन ठेवला. सूचना कुनाला वाचायची?" मळई ओली आहे, चूल पेटत नाही, अशी तिची तक्रार. कुठे गेले तरी तक्रार करणारी माणसं असतात.

२३ जुलै

पहाटे नदी आली. वर सेनगावकडे दोन दिवस पाऊस होता म्हणे. मी उठले तेव्हा गावातून आरडाओरडा ऐकू येत होता. खाली जाऊन पाहिलं, तर मळई नव्हतीच. तिथे तांबडं पाणी होतं, आणि त्यात एका झोपडीचं छप्पर गोल गोल फिरत होतं.

बहुतेक लोक बाहेर पडले. बैल, शेरडं गेली. एक म्हातारा गेला. चंदाबाई गेली, लेकरासकट. ओली बाळंतीण म्हणून तिला खाटेसकट उचलायला माणसं आणायला गेले, आणि वापस आले तेव्हा खाट नव्हती.

पारू पाणी भरायला आली नाही.

२४ जुलै

दुपारी चंदाबाई सापडली, खालच्या अंगाला बोरीत अडकलेली. लेकरू सापडलं नाही. मी जाणार होते, पण चिखल फार आहे. गडी दगडोबाच्या हाती पिठलं-भाकरी पाठवली. भांडं तसंच भरलेलं परत आलं. दुःखातही माणसाने भांडं विसळून पाठवावं, असं मला वाटतं. पण असो.

२७ जुलै

गावात बोलतात, "बाईनं काठ्या टेकवून मारलं." बाजारात रुक्माबाई कासारीण माझ्या तोंडावर म्हणाली, "तुमाला बांगड्या भरायची बी भीती वाटती, बाई. काई मोजाल अन्..." हातवारे करून तिने वाक्य तिथेच सोडलं.

मी काठाबद्दल लिहिलं होतं. काठ धोक्याचा आहे असं म्हटलं होतं. मळईला उतार नाही असं म्हटलं होतं. दोन्ही खरं आहे. पूर येणार नाही असं मी कुठे लिहिलं आहे? एक ओळ दाखवावी. पूर हे पुराचं काम आहे. सिस्टर बर्नार्ड यांनी आम्हाला उतार शिकवला, पूर शिकवला नाही, कारण समुद्राला पूर येत नाही.

आणि उचलायला माणसं शोधत बसण्याऐवजी तिला हाताला धरून चालवत नेलं असतं तर?

३० ऑगस्ट

तांड्यातले उरलेले लोक कनेरगावच्या वाटेवर झाडांखाली राहतात. पारू परत कामावर येते. घरात खायला नाही, दुसरं काय करणार? बोलत नाही. मला बरंच वाटतं.

तांड्याच्या जागेवर पाटलांची कपाशी गुडघ्याएवढी झाली आहे. मी माप घ्यायला गेले तर गड्याने अडवलं. "पाटलाचं वावर हाय, बाई." सोनाजी पाटलांना निरोप पाठवला. उत्तर नाही. कुंपणाला काटे हवेत म्हणून पलीकडच्या काठावरच्या बाभळीही त्यांनी तोडून आणल्या. माझी रेघच तोडली, आणि विचारलंही नाही. हाच माणूस मे महिन्यात ओटीवर चपला काढून बसला होता.

१८ सप्टेंबर

आज तहसीलदारसाहेब दौऱ्यावर आले. अमरसिंग नाईकाने हिंगोलीला दोन फेऱ्या घालून त्यांना आणलं. तांड्याला जुनी जागा परत हवी आहे. पाटलांनी कपाशीच्या कडेला खुर्च्या मांडल्या आणि सरबत ठेवलं. तांड्याचे लोक उन्हात बसले. मला बोलावणं आलं.

साहेब तरुण आहेत, अदबशीर. उठून उभे राहिले. "मोहतरमा, एक बार फिर नाप लीजिए. अगर किनारा महफूज़ है, तो ये लोग आज ही अपनी जगह वापस आ जाएँ. फसल का देखा जाएगा." पाटलांच्या हातातला पेला तिथेच थांबला.

खालची काठी धरायला माहीत असलेली एकच बाई होती. पारू न बोलवता उठली आणि काठी घेऊन उताराला गेली. दोरी ताणली. माझ्यामागे किती माणसं उभी होती ते मी वळून पाहिलं नाही.

पावसाने हवा धुऊन निघाली आहे. बाभळी नसल्यामुळे पलीकडे एकदम डोंगर दिसला, निळा, स्वच्छ, जानेवारीत होता तसा. मी डोळा खाली आणला. टोक रेघेला टेकलं. खुणेवर बोट ठेवलं.

चौदा.

पुन्हा पाहिलं. चौदा. तिसऱ्यांदा मी डोळा जरा अधिक वाकवून पाहिला, तरी चौदा.

हे कसं होईल? काठ एकदा उभा झाला की पुन्हा आडवा होत नाही. एवढा पूर येऊन गेल्यावर तर नाहीच. म्हणजे पारू खड्ड्यात उभी असणार, किंवा उंचवट्यावर, किंवा दोरी ओली होऊन आखडली असणार. अशा मापाला माप म्हणता येत नाही. साठ माणसांसमोर चुकीचं माप जाहीर करणं हा शास्त्राचा अपमान झाला असता. आणि मे महिन्यातलं माप मी तीनदा घेतलं होतं, शांतपणे, कुणी खुर्च्या मांडलेल्या नसताना.

साहेबांनी विचारलं, "क्या फरमाती हैं?"

"चोवीस," मी म्हटलं. "दहा फुटांत चोवीस इंच. धोका कायम आहे."

साहेबांनी मान हलवली. पाटील सरबत प्यायले. अमरसिंग नाईकाने पटका काढला, झटकला, परत बांधला, आणि वाटेला लागला. त्याच्यामागे बाकीचे उठले. ते उत्तरेची हद्दीवरची नदी ओलांडून वऱ्हाडात जाणार आहेत, असं नंतर कळलं. तिकडे निजामाचा हुकूम चालत नाही.

पारू काठी घेऊन वर आली. इतके महिने तिने काठी धरली, पण आकडा कधी विचारला नव्हता. आज विचारला.

"किती आलं, बाई?"

"चोवीस." दुसऱ्यांदा सांगताना आवाज पहिल्यापेक्षा चांगला लागला.

"वैशाखात बी चोवीसच व्हतं ना?"

"हो."

तिने मागे वळून काठाकडे पाहिलं, मग खाली वळणाकडे, जिथे मळई होती. "म्हंजी येवढा पूर आला," ती म्हणाली, "अन् हितलं त्यानं काईच न्हेलं न्हाई."

जो गणित शिकलेला नाही, त्याच्याशी आकड्यांवर वाद घालू नये. तिने काठी माझ्या हातात दिली आणि लोकांमागे गेली.

उद्यापासून काठी धरायला दुसरी बाई पाहावी लागेल. अंगाने मजबूत हवी, आणि बोलणारी नको.